सातव्या आठवड्यात जोर मारावेत का? झडप बदललेल्या एका शिक्षकांना उत्तर

सर, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे वय ४६ आहे, खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत तुम्ही शिकवता, तरुणपणी तालमीत घाम गाळला आहे आणि घरची भातशेती आहे. लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) सात आठवड्यांपूर्वी काढून तिथे धातूची झडप बसवली. सध्या रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोम आणि नाडी आवरणारी मेटोप्रोलॉल या गोळ्या चालू आहेत आणि दिवसातून चार वेळा तुम्ही अंगणात दहा-दहा मिनिटे चालता. मनगटावरचे घड्याळ नाडी आत्ता ७४ तर पुढच्या क्षणी ११२ दाखवते, त्यामुळे तुम्ही धास्तावला आहात. आई म्हणते, वर्षभर जागचे हलू नकोस. तालमीतला मित्र म्हणतो, झडप नवी कोरी आहे, दहा जोरांपासून सुरुवात कर. जोर-बैठका कधी, धावणे कधी, आणि नाडी किती झाली की थांबायचे, हे तुम्हाला हवे आहे.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली एकवीस वर्षे मुख्यतः हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना पुन्हा चालते करण्याचे काम करते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचे सगळे तुमच्या शल्यचिकित्सकांच्या सल्ल्यानंतरचे समजावे. माझे उत्तर कशाकशाने बदलेल तेही सांगते. शस्त्रक्रियेनंतरच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची आकुंचनाची ताकद कमी दिसली असेल, फुफ्फुसांकडच्या रक्तवाहिन्यांतील दाब अजून वाढलेला असेल, हृदयाभोवती पाणी असेल, हिमोग्लोबिन खाली गेले असेल किंवा मधुमेह असेल, तर खालच्या प्रत्येक मुदतीत काही आठवडे मिळवा. छातीचे हाड न कापता बरगड्यांमधून शस्त्रक्रिया झाली असेल, तर हाडाविषयीचा भाग तुम्हाला बराचसा लागू होणार नाही.

तुमच्या प्रश्नातला खरा गुंता मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. तुमच्या शरीरात सध्या तीन कामे आपापल्या गतीने चालली आहेत. कापलेले हाड सांधते आहे, वर्षानुवर्षे बिघडलेल्या झडपेशी झुंजून थकलेले हृदय सावरते आहे, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आपले काम करते आहे. हाडाला साधारण तीन महिने लागतात, हृदयाला सहा महिने ते वर्ष, आणि गोळीला मुदतच नाही. आई हृदयाची मुदत साऱ्या शरीराला लावते, मित्र फक्त हाडाचा विचार करतो, आणि गोळीचा विचार दोघेही करत नाहीत.

आधी हाड पाहू. छातीचे मधले हाड उभे कापून शस्त्रक्रिया करतात आणि शेवटी ते स्टेनलेस स्टीलच्या तारांनी बांधतात. सहा ते आठ आठवड्यांत ते बऱ्यापैकी धरते, पण पुरेशी ताकद येण्यास बारा आठवडे जातात. एका जोरात दोन्ही तळव्यांवर शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार येतो. तुमचे वजन ६६ किलो धरले तर तो भार ४४ किलोच्या आसपास होतो, आणि छातीचे स्नायू तो पेलताना त्याच हाडाला दोन्ही बाजूंनी ओढतात. भरलेल्या बादलीत पंधरा लिटर पाणी असते, म्हणजे पंधरा किलो. सातव्या आठवड्यात मी माझ्या रुग्णांना पाच किलोच्या पुढे काही उचलू देत नाही, तेही दोन्ही हातांनी आणि कोपरे अंगाला चिकटवून. पॉवर टिलरची मूठ यंदा कोणाच्याही विनंतीवरून हातात घेऊ नका. त्याचे हादरे थेट छातीत जातात. बसमध्ये वरची दांडी एका हाताने धरून उभे राहणेही तसेच, कारण ड्रायव्हरने ब्रेक दाबला की सगळा हिसका एकाच बाजूच्या हाडावर बसतो. त्यापेक्षा कंडक्टरला सांगून बसायला जागा मागा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र हाड जपायचे म्हणजे हात बांधून बसायचे असे नाही. वडगावच्या एक विणकर बाई चौथ्या महिन्यात माझ्याकडे आल्या तेव्हा व्रण सुरेख भरला होता, इको उत्तम होता, पण त्यांना स्वतःची वेणी घालता येत नव्हती. घरच्यांनी इतके जपले होते की डावा खांदा आखडून गेला होता. तो मोकळा करायला आम्हाला आणखी तीन महिने लागले. म्हणून आत्तापासूनच दिवसातून दोनदा, बसून, दोन्ही हात एकदम आणि सावकाश, दुखणार नाही इतके वर न्या, खांदे गोल फिरवा, मान फिरवा. तुम्ही शाळेत रुजू व्हाल तेव्हा फळ्यावर लिहिणे हा आयताच खांद्याचा व्यायाम होईल. खडूचे वजन हाडाला नक्कीच झेपते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण रुग्ण तीत हमखास घोटाळा करतात. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज येतो, विशेषतः रात्री शांत असताना. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसाला बसवली गेली. ती असो वा दोन पाकळ्यांची परदेशी झडप असो, प्रत्येक ठोक्याबरोबर येणारा हा आवाज चांगलाच आहे, उलट तो एकदम दबका झाला किंवा ऐकू येईनासा झाला तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. दुसरा आवाज हाडाचा. कूस बदलताना, खोकताना किंवा हात ताणताना छातीच्या मध्यभागी कट्ट होते, हात ठेवला तर हाड हलल्यासारखे जाणवते. हा ठोक्याबरोबर येत नाही, हालचालीबरोबर येतो. तो आला तर व्यायाम थांबवून शल्यचिकित्सकांना दाखवावे.

आता हृदय आणि तुमचे घड्याळ. तुमची नाडी क्षणात ७४ आणि क्षणात ११२ दिसते, याची दोन कारणे असू शकतात. मायट्रल झडपेच्या जुन्या आजारात डावा वरचा कप्पा ताणला जातो आणि तिथे अनियमित ठोक्यांचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वारंवार आढळतो. शस्त्रक्रियेनंतरही तो राहू शकतो किंवा नव्याने येऊ शकतो. दुसरे म्हणजे मनगटावरचे घड्याळ प्रकाशाने नाडी मोजते, आणि अनियमित ठोके, घामाचे मनगट, सैल पट्टा यांपैकी काहीही असले की त्याचा हिशोब चुकतो. यातले कोणते कारण खरे, हे ईसीजीने कळते. अनियमितपणा तुमच्या डॉक्टरांना आधीच माहीत असेल तर ठीक, नसेल तर याच आठवड्यात ईसीजी काढून घ्या. विश्रांतीच्या वेळी बोटांनी नाडी पाहायची तर पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची रीत अनियमित नाडीला चालत नाही.

नाडी फार वाढू देऊ नका, असे आम्ही झडपेच्या रुग्णांना इतके बजावून का सांगतो, तेही समजून घ्या. मायट्रल झडपेतून रक्त खाली उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत काळात. मिनिटाला ६० ठोके असताना प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला एक सेकंद येतो, १२० झाले की अर्धा. पण आकुंचनाचा वेळ फारसा घटत नाही, कपात मुख्यतः त्या निवांत काळात होते. धातूच्या झडपेचे तोंड नैसर्गिक निरोगी झडपेइतके मोठे नसते. थोड्या वेळात तेवढेच रक्त अरुंद दारातून ढकलायचे म्हणजे मागे, फुफ्फुसांकडे, दाब चढतो आणि धाप लागते. म्हणून सावकाश आणि जास्त वेळ चालणे तुम्हाला मानवते, धावणे सर्वांत शेवटी येते, आणि मेटोप्रोलॉलची गोळी व्यायामाच्या दिवशी ‘दम येत नाही’ म्हणून स्वतःहून चुकवणे धोक्याचे ठरते.

मग किती झाले की थांबायचे? मेटोप्रोलॉल नाडीला वाढू देत नाही आणि अनियमित ठोके तिला स्थिर राहू देत नाहीत, त्यामुळे मी तुम्हाला नाडीचा आकडा देणार नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती जाणवतात ते मोजण्यासाठी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. त्यात ११ ते १३ म्हणजे ‘हलके’ ते ‘काहीसे कष्टाचे’, आणि आमचे रुग्ण तिथेच राहावेत असे आम्ही पाहतो. पण पट्टी लक्षात ठेवण्यापेक्षा तुमच्यासाठी सोपा उपाय आहे. चालताना तेराचा पाढा म्हणा. ‘तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस’ एवढे एका श्वासात जात असेल तर वेग बरोबर आहे. ‘तेरा दुणे’वरच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, आणि दहापर्यंतचा पाढा न थांबता एका दमात म्हणता येऊ लागला तर थोडा वाढवा. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी हे सांगितले होते, ते सव्वाचा पाढा घेऊन आले आणि त्यांचे सगळे लक्ष पाढ्यात गेले. साधाच घ्या.

पुढच्या पाच आठवड्यांचा आराखडा असा. चार वेळा दहा मिनिटांऐवजी दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे चाला, आणि दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तर दर तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे अगदी रमतगमत असावीत. चालून एकदम थांबलात किंवा बसलात तर चक्कर येते. सपाट रस्ता निवडा. खानापूरच्या पश्चिम भागात चढ टाळणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. तिथे चढावर अर्धा वेग आणि उतारावर नेहमीचा वेग ठेवा, चढावर पाढा थांबला की तुम्हीही थांबा. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्या. तुमच्याकडे पाऊस लागला की दिवसेंदिवस उघडीप नसते, तेव्हा निसरड्या वाटेने छत्री सावरत चालण्यापेक्षा शाळेचा व्हरांडा बरा. वीस मीटर लांबीचा व्हरांडा असेल तर जाऊन येऊन चाळीस मीटर, पंधरा फेऱ्यांत सहाशे मीटर होतात. बेळगावात येणे झालेच तर किल्ला तलावाभोवतीची किंवा व्हॅक्सिन डेपोतील झाडांखालची सपाट वाट मी स्वतः रुग्णांना सुचवते, कारण तिथे बसायला जागा आहे आणि मदतीला माणसे असतात.

बैठकांच्या जागी सध्या खुर्चीवरून उठ-बस करा. हात मांडीवर न टेकता, उठताना श्वास सोडत, आठ वेळा. श्वास कोंडून कोणतेही जोराचे काम करू नका. शौचाला कुंथणेही त्यातच येते, त्यामुळे बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्या. प्राणायामाविषयी तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. सावकाश अनुलोम-विलोम चालेल, कुंभक, भस्त्रिका आणि कपालभाती तूर्त नकोत.

व्यायाम मानवला की नाही, याचा निकाल मी त्याच दिवशी लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर वजन करा. हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत निपाणीकडचे एक गृहस्थ पाचव्या आठवड्यात आले. चार दिवसांत वजन अडीच किलोने वाढले होते. मी म्हटले, छान, भूक सुधारली, आणि चालण्याची वेळ वाढवून दिली. रात्री दोन उशांऐवजी तीन उशा घेऊन झोपतो, हे त्यांनी जाता जाता सांगितले होते, मी ते कानाआड केले. दोन दिवसांनी धाप लागून त्यांना दाखल करावे लागले. नाडी अनियमित आणि जलद झाली होती आणि शरीरात पाणी साचत होते. ते बरे झाले, पण तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी उशा विचारते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, पायावर सूज आली, आडवे झाल्यावर श्वास कमी पडू लागला, तर त्या दिवशी व्यायाम नाही, फोन डॉक्टरांना.

आता गोळी. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, सर्वसाधारणपणे २.५ ते ३.५ या पट्ट्यात ठेवतात. तुमचा पट्टा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला असेल, तोच प्रमाण माना. या गोळीमुळे गुठळीचा धोका कमी होतो, पण मार लागला तर रक्तही लवकर थांबत नाही. म्हणून तुमच्या मित्राला माझा निरोप द्या: कुस्ती आता पाहायची, शिकवायची, पण खेळायची नाही. याला बाराव्या आठवड्याची किंवा वर्षाची मुदत नाही. मोटारसायकलही बारा आठवडे नको, पुढेही हेल्मेटशिवाय गावातल्या गावातसुद्धा नको. डोक्याला मार लागला आणि काही वाटले नाही, तरी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यायचे, कारण आतला रक्तस्राव तासांनी बोलतो. चिखलणीत अनवाणी उतरून पायाला कापून घेणे दुहेरी वाईट आहे, रक्त वाहते आणि जंतूही शिरतात.

व्यायाम वाढला की पाठ, गुडघे, मांड्या दुखणारच. तेव्हा दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारून ठेवा. माझ्या एका रुग्णाला कंबरदुखीसाठी गावात कमरेत इंजेक्शन दिले गेले. गोळीविषयी त्याने सांगितले नाही आणि समोरच्यांनी विचारले नाही. मांडीपर्यंत काळेनिळे रक्त उतरले आणि त्याचा व्यायाम दीड महिना बंद पडला. कोणत्याही डॉक्टरांसमोर, दातांच्या सुद्धा, पहिले वाक्य ‘मला धातूची झडप आहे आणि ॲसिट्रोम चालू आहे’ हेच असावे. सांधेताप पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिन चालू असेल तर ते झडप बदलल्यावरही सुरू ठेवावे लागते. ते इंजेक्शनने की गोळीने, हे डॉक्टर ठरवतील. मेथी, पालक, शेपू यांना बंदी नाही, फक्त आठवड्याला जेवढे खाता तेवढेच खात जा.

चालताना छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर बसून वाट पाहू नका, गाडी बोलवा. ताप शंभरच्या वर दोन दिवस राहिला तर गावात प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, व्हायला हवे, कारण झडपेवर जंतू बसले असतील तर ते त्यातच सापडतात.

बारा आठवड्यांनी इको आणि तपासणी ठीक निघाली, हाड स्थिर असले, तर जोर भिंतीला हात टेकून सुरू करायचे, दहाच, श्वास सोडत. ते महिनाभर मानवले की ओट्यावर हात टेकून, आणि जमिनीवर पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आधी नाही. अर्ध्या बैठका बाराव्या आठवड्यानंतर चालतील. धावण्यासाठी मी सहा महिने थांबवते आणि त्याआधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी मागते. काहींच्या बाबतीत उत्तर ‘झपझप चाला, धावू नका’ असेच येते, आणि चाळीस मिनिटे झपझप चालणारा शिक्षक माझ्या हिशोबी पूर्ण बरा झालेला माणूस आहे.

आईंना सांगा की अंथरुणावर पडून राहिल्याने पायात गुठळी होते, फुफ्फुसे आखडतात आणि स्नायू वितळतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तुम्हाला उठवून बसवले होते. त्यांना चालायला बरोबर घ्या. त्यांच्या वेगाने चाललात तर तुमचा वेग आपोआप ताब्यात राहील, आणि पाढा चुकला तर त्या सांगतीलच.

शाळेची एक जुनी वही घ्या, चार रकाने आखा: सकाळचे वजन, चाललेली मिनिटे, रात्रीच्या उशा, आणि तपासणीच्या दिवशी पीटी-आयएनआर. बाराव्या आठवड्याच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: माझे हाड स्थिर आहे का, माझी नाडी नियमित आहे का, आणि इको पाहता मला किती श्रम झेपतील. त्यांची उत्तरे त्याच वहीत लिहून घ्या आणि मग मला पुन्हा लिहा.